रिव्हॉल्व्हर म्हातारं करताना

मामाने ते रिव्हॉल्व्हर विकत घेतलं तेव्हा ते रिव्हॉल्व्हर कमी आणि गंजाचा गोळा जास्त होतं. जुन्या बाजारातल्या दुकानदाराने ते एका टोपलीत टाकलं होतं. वर बिजागऱ्या, खाली नळाच्या तोट्या आणि मधे हे. मामाने ते उचललं तर हाताला विटकरी रंग लागला.

"चालतं का?" मामाने विचारलं.

"हे चालायला लागलं तर तुम्ही आणि मी दोघंही आत जाऊ," दुकानदार म्हणाला. "नळीत पोलादी खुंटी ठोकून वरून वेल्डिंग मारलंय. घोड्याचं टोक कापलंय. हा चौकीच्या शिक्क्याचा कागद. याने आता माशीसुद्धा मरायची नाही. फेकून मारलंत तर गोष्ट वेगळी."

मामाला असंच हवं होतं. त्याचा धंदाच तो होता. नाटकांना लागणाऱ्या वस्तू तो भाड्याने द्यायचा. खाली दुकान, वर घर. दुकानात टेलिफोन होते, कंदील होते, व्हीलचेअर होती, तीन पाळणे होते आणि एक शवपेटी होती, जिच्यात मामा कांदे ठेवायचा, कारण तिला हवा छान लागायची.

हा धंदा मामाचा एकट्याचा नव्हता, मामीचाही होता. मोडकी वस्तू आणायची, खोलायची, दुरुस्त करायची, घासूनपुसून नवी करायची, हे मामाचं काम. ती नवी झालेली वस्तू घेऊन पुन्हा जुनी करायची, हे मामीचं. नाटकात कुणाला कोरी करकरीत वस्तू नको असते. आजोबांची छडी आजोबांची वाटावी लागते. नाटकवाल्यांनी दोघांना नावंच ठेवली होती, चकचकमामा आणि धूळमामी. कुणी म्हणायचं, अहो, मग आधी दुरुस्तच कशाला करता, जुनीच द्या ना. त्यावर मामीचं उत्तर ठरलेलं असायचं. मोडकं आणि जुनं यात फरक आहे. मोडकी खुर्ची नटाला पाडते. जुनी खुर्ची नटाला बसवून घेते.

मामी जाऊन आता वर्ष होत आलं होतं. त्या वर्षात मामाने फळीवर जे होतं तेच भाड्याने दिलं. नवीन वस्तू एकही केली नव्हती. मुलगा दुसऱ्या शहरात राहायचा आणि दर रविवारी फोनवर एकच गोष्ट सांगायचा, "बाबा, दुकान बंद करा आणि इकडे या. तुमची खोली तयार आहे." मामाने ती खोली पाहिली होती. त्या खोलीत सगळं नवीन होतं आणि काहीही बिघडलेलं नव्हतं. तिथे दिवसभर काय करायचं हे त्याला समजत नव्हतं. पण नाही म्हणायला कारणही सापडत नव्हतं. मग दिग्दर्शक आला आणि म्हणाला, मामा, एक जुनं रिव्हॉल्व्हर हवंय. मामाने मनाशी ठरवलं, हे एक काम करून बघू. जमलं तर दुकान राहील. नाही जमलं तर मुलाची खोली आहेच.

रिव्हॉल्व्हर पहिल्यांदा रॉकेलमध्ये बुडवलं. दोन दिवस ते तिथेच पडून होतं आणि मामा दर तासाला जाऊन डब्यात डोकावत होता. मग स्क्रू. आधीच्या कुणा महाभागाने चुकीचा पेचकस लावून स्क्रूंच्या खाचा पार खाऊन टाकल्या होत्या. मामाने एक पेचकस कानशीने घासून घासून त्या खाचांच्या मापाचा केला. पहिला स्क्रू हलला तेव्हा तो मोठ्याने म्हणाला, "आला बघ!" आणि मग दुकानात कुणी नाही हे त्याच्या लक्षात आलं.

एकदा खोललं की मामाच्या हाताला थांबवणं अवघड. गोल फिरणारं चक्र बाहेर काढलं आणि प्रत्येक भोक पितळी ब्रशने घासलं. मोडलेली स्प्रिंग काढून एका जुन्या टेलिफोनची घातली. बारीक पॉलिश पेपरने नळी घासली, मग त्याहून बारीक, मग त्याहून बारीक, मग नुसत्या कापडाने. मुठीच्या लाकडाला जवसाचं तेल पाजलं. ते लाकूड इतकं तहानलेलं होतं की तीनदा पाजावं लागलं. शेवटी सगळं जोडलं, घोडा मागे ओढला, चक्र एक घर फिरलं आणि टक् असा आवाज आला. असा छान आवाज मामाने बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. त्याने तो आणखी वीसेक वेळा ऐकला.

मग त्याने रिव्हॉल्व्हर स्वच्छ फडक्यात गुंडाळलं, वर नेलं, मामीच्या टेबलावर ठेवलं आणि चहा टाकायला गेला. पुढे दोन दिवस ते तिथेच होतं. तिसऱ्या दिवशी त्याने ते उचललं आणि नाटकाच्या तालमीला नेऊन दिलं.

दिग्दर्शकाने फडकं सोडलं. रिव्हॉल्व्हर तोंडासमोर धरून ओठ फाकवले.

"मामा, यात मला माझे दात दिसतायत."

"पॉलिश चांगलं बसलंय," मामा म्हणाला.

"बसलंय खरं. पण ऐका ना. माझ्या नाटकातला म्हातारा हे तीस वर्षांनी खणातून बाहेर काढतो. टेबलावर ठेवतो. मग अख्खा अंक दोन भाऊ त्याच्याकडे बघत भांडतात. कुणी गोळी झाडत नाही, काही नाही. सगळा अंक या एका वस्तूवर आहे. आणि हे तर आज सकाळी दुकानातून आणल्यासारखं दिसतंय."

मामाच्या तोंडून निघून गेलं, "अजून मामीकडून व्हायचंय ते."

दिग्दर्शक आपल्या बुटांकडे बघायला लागला. बाजूला एक नट पाठांतर करत होता, तोही थांबला. मामाने फडक्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"महिन्यावर रंगीत तालीम आहे," दिग्दर्शक शेवटी हळूच म्हणाला. "रागावू नका मामा, पण जमलं नाही तर मी त्या नव्या कंपनीकडून आणेन. त्यांचं प्लास्टिकचं असतं, पण लांबून म्हातारं दिसतं. आणि मग सगळंच सामान त्यांच्याकडून घ्यावं लागेल, त्यांची अटच आहे तशी."

"जमेल," मामा म्हणाला. कसं, ते त्याला माहीत नव्हतं.

घोळ असा होता की मामी काय करायची हे मामाने कधी पाहिलंच नव्हतं. त्याला तिच्या टेबलाजवळ यायची बंदी होती. फार वर्षांपूर्वी तिने आठवडाभर खपून एक कंदील जुना केला होता, आणि मामाने येता जाता सहज म्हणून तो पुसून टाकला होता. त्यानंतर ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नव्हती. बोलायची ती धाकटीच्या मार्फत. "धाकटे, तुझ्या भावोजींना सांग, जेवायला वाढलंय." आणि मामा समोरच बसलेला.

धाकटी म्हणजे मामीची बहीण. तिची पन्नाशी कधीच उलटली होती तरी सगळे तिला धाकटीच म्हणायचे. ती इस्पितळात नर्स होती, म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात. ताई गेल्यापासून ती ड्युटी संपली की मामाकडे चक्कर टाकायची, शवपेटीतले कांदे किती संपले ते बघायची आणि त्यावरून मामा जेवतोय की नाही हे ठरवायची.

त्या दिवशी ती आली तर दुकानात लोणच्याच्या बरणीसारखा वास.

"काय चाललंय भावोजी?"

"व्हिनेगर आणि मीठ," मामा अभिमानाने म्हणाला आणि बशीतून रिव्हॉल्व्हर उचललं. "एका रात्रीत तीस वर्षं."

धाकटीने चष्मा लावला, रिव्हॉल्व्हर फिरवून पाहिलं. सगळीकडे सारख्याच लाल पुटकुळ्या आल्या होत्या.

"हे म्हातारं नाही झालेलं. हे आजारी पडलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे हे अंगभर सारखं आहे. याला पुरळ म्हणतात. म्हातारं माणूस असं नसतं. त्याला अंघोळ घालताना कळतं. जिथे आयुष्यभर काहीतरी घासलंय तिथे ते गुळगुळीत होतं. जिथे कुणाचा हात पोचत नाही तिथे काळं पडतं. आमच्याकडे एक शिंपी आजोबा आहेत. सगळं विसरलेत, पण बोट बघितलं की कळतं शिंपी आहेत."

मामाने तोंड पाडलं आणि रिव्हॉल्व्हर पुन्हा खोलायला घेतलं. आजारी वस्तू तर कुणालाच देता येत नाही. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा दात दिसण्याइतकं चकचकीत होतं.

मग त्याने बाकीचे उपाय केले. मेणबत्तीचा धूर दिला, तो बोटाला यायला लागला. दोरी बांधून मागच्या गल्लीत फरशीवरून फरफटवलं, तर ते म्हातारं न दिसता अपघात झाल्यासारखं दिसायला लागलं. समोरच्या घरातल्या बाईने खिडकीतून विचारलं, "फिरायला नेताय का त्याला?" मामाने दोरी गुंडाळली आणि आत येऊन रिव्हॉल्व्हर पुन्हा चकचकीत केलं.

"ताई करायची तरी काय?" धाकटी चहा पिताना म्हणाली. "मला तर तिने कधी काही दाखवलं नाही. एकदा फक्त एक पर्स दिली होती, म्हणाली, ही महिनाभर ड्युटीवर ने. मी म्हटलं वा, ताईने भेट दिली. महिन्याने काढूनच घेतली की. कुठल्या नाटकात गेली म्हणे."

मामाचा कप तोंडाशी थांबला.

"मला तिने सिगरेटची डबी दिली होती. मी सिगरेट ओढत नाही. म्हणाली, खिशात असू दे, बरी दिसते."

"आणि तुम्ही ठेवलीत?"

"सहा महिने. बरी दिसते म्हणाली ना."

"आणि ती पत्र्याची ताटं?"

"अख्खा उन्हाळा त्यात जेवलो! मला वाटलं स्टीलची ताटं मुलाला दिली असतील."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले आणि मग धाकटी हसायला लागली. इतकी हसली की तिला चष्मा काढावा लागला. "भावोजी, म्हणजे तिने काहीच केलं नाही. आपण सगळे तिच्याकडे कामाला होतो. बिनपगारी!"

मामाही हसला. पोट धरून हसला. पण हसता हसता त्याला कोडं सुटल्यासारखं झालं. वस्तू जुनी करायची तर ती कुणीतरी वापरायची. दुसरा उपायच नाही.

आता प्रश्न असा की रिव्हॉल्व्हर वापरायचं कशाला? मामाने ते पँटच्या खिशात ठेवायला सुरुवात केली. पँट एका बाजूला खाली यायला लागली, म्हणून दुसऱ्या खिशात पाना ठेवला. एकदा बेकरीत सुटे काढताना आधी रिव्हॉल्व्हर हाताला आलं आणि मामाने ते काचेवर ठेवलं. बेकरीवाल्याने दोन्ही हात वर केले.

"अहो, बंद आहे ते," मामा म्हणाला. "जुनं करतोय."

"करा, करा," बेकरीवाला हात वर ठेवूनच म्हणाला. "आणखी एक पाव न्या."

त्यानंतर धाकटीने फर्मान काढलं की रिव्हॉल्व्हर उंबरठ्याबाहेर जाणार नाही.

"मग घरात कुठे वापरू? अंडी फोडू याने?"

"त्या म्हाताऱ्याने ते कुठे ठेवलं होतं नाटकात?"

"खणात."

"मग खणात ठेवा."

मामाने ठेवलं. त्याच्या कामाच्या टेबलाला सहा खण होते आणि प्रत्येकात फोमचे तुकडे कापून हत्यारांना एकेक घर केलेलं होतं. रिव्हॉल्व्हरलाही त्याने घर कापून दिलं. आठवडा संपत आला तरी त्याच्यावर ओरखडासुद्धा उठला नाही. तिथे ते सुखात होतं.

"असा कुठे खण असतो?" धाकटी वैतागली. "हा खण आहे की पाळणाघर? माणसांच्या खणात पसारा असतो. उघडला की सगळं घरंगळत पुढे येतं, बंद केला की मागे जातं." मग ती जरा थांबली. "भावोजी, घरात असा एकच खण आहे."

मामाला माहीत होतं कुठला. "चहा टाकतो," तो म्हणाला.

"आत्ताच झाला चहा."

"आणखी टाकतो."

मामीच्या टेबलाचा तो खण वर्षभर उघडला नव्हता. टेबलावरची धूळही मामाने पुसली नव्हती, आणि मामाने धूळ न पुसता ठेवणं म्हणजे काय हे धाकटीला चांगलं कळत होतं. म्हणून तिने दुसरा चहा घेतला. अर्धा कप तिने झाडाला घातला, पण प्यायल्यासारखं केलं.

रंगीत तालीम दोन आठवड्यांवर आली होती. मामा दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करून, शर्ट बदलून टेबलापाशी जाऊन उभा राहिला, जसं काही कुणाकडे काम मागायला चाललाय. खण अडकत होता. वर्षानुवर्षं अडकत होता. रंधा मारून देतो असं तो किती वेळा म्हणाला होता, आणि ती म्हणायची, नको, तू सरळ केलंस की मला काही सापडत नाही. त्याने खाली हात लावून थोडा उचलला आणि ओढला.

पसारा म्हणजे काय पसारा. शिवणाची कात्री. बटणं. एक काडी मोडलेला चष्मा. खोकल्याच्या गोळ्या, एकमेकींना चिकटून एकच मोठी गोळी झालेल्या. बुटपॉलिशची उघडी डबी. हेअरपिना, मेणबत्तीचे तुकडे, कसल्यातरी किल्ल्या, संपलेली लिपस्टिक. गेल्या दहा वर्षांत मामाच्या दुकानातून हरवलेल्या तीन सुऱ्या आणि त्याची लाडकी छोटी पक्कड.

"चोर!" मामा मोठ्याने म्हणाला. मग तो खुर्चीवर बसला आणि थोडा वेळ तिथेच बसून राहिला. चिकटलेल्या गोळ्यांचा तो गोळा त्याने हातात घेतला होता. फेकायला म्हणून घेतला होता, पण परत आत ठेवला.

मग त्याने रिव्हॉल्व्हर त्या सगळ्यावर ठेवलं आणि खण बंद केला. आत धडाधड आवाज झाला. पुन्हा उघडला. बंद केला. कात्रीचं टोक नळीवरून गेलं आणि बारीकशी पांढरी रेघ उठली. मामाचा हात आपोआप पॉलिश पेपरकडे गेला.

तेवढ्यात धाकटी आली. तिने खण उघडा पाहिला. स्टूल ओढून शेजारी बसली आणि खण पुढेमागे करायला लागली.

त्या दिवसापासून तेच काम. धाकटी ड्युटीवरून यायची, दोघं टेबलापाशी बसायचे, एक खण ओढायचा, दुसरा रिव्हॉल्व्हर काढून मुठीत धरायचा, घोड्यावर अंगठा फिरवायचा, परत टाकायचा. इस्पितळातल्या गोष्टी निघायच्या. ताईच्या गोष्टी निघायच्या. ताई लहानपणी धाकटीची खेळणी मुद्दाम मातीत पुरायची आणि चार दिवसांनी उकरून म्हणायची, बघ, खजिना सापडला. धाकटी त्या आपल्याच खेळण्यांवर नाचायची.

"आता फडकी द्या," एक दिवस धाकटी म्हणाली.

"कुठली फडकी?"

"सगळी. मी आत गेले की तुम्ही पुसता. मला दिसतं."

तिने घरातली सगळी फडकी पिशवीत भरून नेली. मग मामाने शर्टाच्या टोकाने पुसलं. "भावोजी!" मग तो हात मागे बांधून बसायला लागला.

हळूहळू बदल दिसायला लागला. मुठीवर जिथे तळवा बसतो तिथलं लाकूड काळपट झालं. बुटपॉलिश आणि मेण मिळून चक्राच्या खोबणीत जाऊन बसलं, कुणी ठरवूनही बसवलं नसतं इतकं आत. हेअरपिनांनी नळीच्या दोन्ही अंगांना बारीक बारीक रेघा काढल्या. घोड्याचं डोकं मात्र चमकत राहिलं, कारण तिथे अंगठा फिरत होता. घामाचे ठसे बसले, पुसले न गेल्यामुळे तसेच राहिले. मामाला ते सगळं घाण वाटत होतं. आणि बरोबरही वाटत होतं. नुसतं बघत राहायचं, हात लावायचा तर वापरायला, सुधारायला नाही, हे त्याने जन्मात केलं नव्हतं. रिव्हॉल्व्हर खोलण्यापेक्षा ते अवघड गेलं.

रंगीत तालमीला दोघंही गेले. मामा विंगेत उभा राहिला, धाकटी त्याच्या मागे, तिच्या हातात फडक्यांची ती पिशवी, मामाने काही पुसू नये म्हणून. दुसरा अंक लागला. म्हाताऱ्याचं काम करणाऱ्या नटाने खण उघडला. आधी नुसतं आत बघितलं. मग दोन बोटांनी रिव्हॉल्व्हर उचललं, टेबलावर भावासमोर ठेवलं, आणि उचललेली ती दोन बोटं आपल्या पँटला पुसली.

ते संहितेत नव्हतं.

"थांबा!" अंधारातून दिग्दर्शक ओरडला. नट दचकला. "ते बोटं पुसणं कुठून आलं?"

"चुकून झालं," नट म्हणाला. "हे... म्हणजे, बरीच वर्षं कुणी हात लावला नव्हता ना याला."

"ठेवा ते. रोज करा."

मामाच्या पाठीवर मागून एक बुक्की बसली. धाकटीची होती.

तालीम संपल्यावर दिग्दर्शक विंगेत आला. रिव्हॉल्व्हर त्याच्या हातात होतं आणि तो घोड्यावर अंगठा फिरवत होता, तिथेच, जिथे सगळ्यांचा अंगठा जातो.

"मामा, मामी असत्या तर—"

"असती तर म्हणाली असती, मुठीला अजून चार दिवस हवे होते."

दिग्दर्शक हसला. मग घसा साफ करून म्हणाला, "पुढच्या नाटकात एक बॅग आहे. गावोगाव हिंडणाऱ्या विक्रेत्याची. चामड्याची, खूप फिरलेली. होईल का?"

"होईल. वेळ लागेल."

"त्या कंपनीवाल्याला मग नाही म्हणून कळवतो."

"कळवा."

रविवारी मुलाचा फोन आला. नेहमीची विचारपूस झाली. मग त्याने नेहमीचाच प्रश्न विचारला, "बाबा, मग कधी येताय?"

"येतो की. पुढच्याच आठवड्यात येतो," मामा म्हणाला. पलीकडे मुलगा गडबडला. त्याला हे उत्तर अपेक्षित नव्हतं.

"खरंच? आणि दुकान?"

"दुकानाच्याच कामाला येतोय. एक बॅग म्हातारी करायची आहे. तिला प्रवास हवा. तुझ्याकडे आलो की तू ती ऑफिसला घेऊन जायचीस. जमिनीवर ठेवायची, वर कप ठेवायचा, पावसात धरायची. आणि पुसायची नाही."

"बाबा, पण तुम्ही राहणार किती दिवस?"

"ते बॅगेवर आहे," मामा म्हणाला, आणि कांदे घ्यायला शवपेटीकडे गेला.